बत्तीचे वार

"बत्तीचं काम काय?" हनुवटी उडवत आमच्या गल्लीतल्या मावशी विचारायच्या. उत्तर पटलं तरच त्या संध्याकाळी तुमच्या घरी बल्ब लागायचा.

क्षिप्रेच्या बंधाऱ्यावर आमच्या गल्लीने वर्गणी काढून पाणचक्की बसवली होती आणि तिला डायनामो जोडला होता. नदीला पाणी असेतो मोजक्या घरांपुरती वीज मिळे. म्हणून गरीब विद्यार्थ्यांना जेवायला वार लावून देतात, तसे मावशींनी घराघरांना बत्तीचे वार लावून दिले. कुणाकडे आजारपण निघालं की दुसऱ्याचा वार काढून त्या घराला द्यायच्या.

एकदा गल्लीतले वकील ऐटीत म्हणाले, "मावशी, आज आमच्याकडे मोठे लोक येताहेत."

"मोठे आहेत ना? मग अंधारातही दिसतील. बत्ती आज सुताराकडे. त्याच्या बायकोचे दिवस भरलेत."

वकिलांनी हे मनात ठेवलं. मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, गल्लीत सरकारी विजेच्या तारा येणार असं ठरलं. लगेच वकिलांनी चक्की मोडीत काढायला सभा भरवली. "अब अपना राज है!" ते गरजले. अपना राज म्हणजे भोपाळचा साहेब, एवढीच त्यांची समजूत.

मावशी म्हणाल्या, "सरकारी बत्ती घ्या की! पण चक्की राहू द्या. आपल्याकडे कोण आजारी आहे, हे भोपाळच्या साहेबाला कोण सांगणार?"

लोक हसले. शिकलेली माणसं अशा वेळी फार छान हसतात. माझ्या वडिलांचा हात तर सगळ्यांत आधी वर गेला. चक्की भंगारात गेली.

मग घरोघर बल्ब आले आणि वाटेल तेव्हा विझू लागले. माधव नगरातल्या साहेबलोकांच्या बंगल्यांचे पंखे तेवढे फिरत. वकील इंग्रजीत तक्रारी लिहीत बसत. त्यांच्या इंग्रजीला कुणी भीक घालत नसे.

मावशींना न्यूमोनिया झाला, त्या संध्याकाळीही बत्ती गेली. डॉक्टरांना इंजेक्शनसाठी शीर सापडेना. मी वीज ऑफिसात धावलो. बाबू पान चघळत म्हणाला, "ऊपर से बंद है, भैया." त्याचा अजून संताप येतो.

परतलो तर मावशींच्या खाटेभोवती घरोघरचे कंदील. एक वकिलांच्या हातात होता. सुई टोचून झाली. मावशींनी डोळे उघडले.

"एवढे कशाला? मला काय वाचायचंय? एक ठेवा. बाकीचे घरी न्या, पोरांच्या परीक्षा आहेत."

वकील आपला कंदील घेऊन घराकडे वळले. मागोमाग बाकीच्यांनीही उचलले. खाटेपाशी एकच उरला. त्याच्या उजेडात मावशी गेल्या.