नववं पान

पुर्दुम खानला सारा बाजार 'लाल' म्हणायचा, पाकिस्तानातल्या आमच्या चित्राळात वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं. वय अडुसष्ट, नजर ससाण्याची, आणि हुद्दा असा की तो साऱ्या जगात त्याच्या एकट्याकडेच होता. लाल छापखान्यात ठिपके द्यायचा.

आमच्या खोवार भाषेतले काही आवाज उर्दूच्या टाइपरायटरला ठाऊकच नव्हते. अक्षर उमटायचं, पण डोक्यावरचे जास्तीचे ठिपके उमटायचे नाहीत. आमच्या मासिकाच्या तीनशे प्रती निघाल्या की लाल बोरू घेऊन बसायचा आणि प्रत्येक प्रतीवर एकेक ठिपका हाताने द्यायचा. मूळ स्टेन्सिलवरच टोचले असते तर दहा मिनिटांत भागलं असतं. पण पहिल्याच वेळी टोचताना स्टेन्सिल फाटलं, आणि आम्ही चित्राळी लोक एवढ्यावरून एकतीस वर्षांची पद्धत पाडतो.

हळूहळू ठिपक्यांना भाव आला. लग्नाची बातमी असली की मुलाचा बाप सुके जर्दाळू घेऊन हजर.

"लाल, आमच्या पानावर जरा ठसठशीत येऊ द्या."

"मोठा केला की लोक त्याला डाग म्हणतात," लाल जर्दाळू चघळत म्हणायचा.

मग छापखान्याचा मालक मीर वली याने कॉम्प्युटर आणला. त्यात खोवारची सगळी अक्षरं ठिपक्यांसकट होती. त्या दिवशी मीर वलीला जेवण गेलं नाही. लालची बायको वारलेली, मुलगा कराचीत. छापखान्यातलं हे स्टूल सुटलं तर म्हातारा जाणार कुठे? शेवटी त्याने तोड काढली. दर महिन्याला अंक छापायच्या सकाळी, लाल यायच्या आत तो पडद्यावरचे ठिपके खोडायचा आणि बोडकी पानं छापायचा. हे न्हाव्याला माहीत होतं, टोप्या विकणाऱ्याला माहीत होतं, मशिदीतल्या मौलवींनाही माहीत होतं. वर्षं लोटली तरी फक्त लालला नव्हतं.

"यंत्र आहे बिचारं," लाल म्हणायचा. "त्याला कुठली येणार खोवार?"

पोलोच्या सामन्यांच्या पहिल्या दिवशी मीर वली घाईत होता. नवव्या पानावरचे ठिपके खोडायचे राहून गेले. सगळ्या प्रती लालच्या टेबलावर टाकून तो मैदानाकडे पळाला.

लालने आठ पानं निस्तरली, नववं पुढ्यात घेतलं आणि त्याचा हात थांबला. सगळे ठिपके आधीच जागच्या जागी होते. यंत्र शिकलं होतं. कोपऱ्यात बसून, त्याच्याकडे बघून बघून गुपचूप शिकलं होतं. मीर वलीला अजून याचा पत्ता नव्हता. तो लागला की या स्टुलाचं काय होणार, हे लालला कुणी सांगायची गरज नव्हती. लवारीच्या खिंडीत गाडी बर्फाखाली सापडली होती, तेव्हाही तो इतका घाबरला नव्हता.

न्हाव्याकडून पातं मागून आणून तो कामाला लागला. छापलेला ठिपका खरवडायचा, फुंकर मारायची, त्याच जागी शाईने नवा द्यायचा. तीनशे प्रतींना चार दिवस लागले. मध्येच एकदा उठून तो कॉम्प्युटरपाशी गेला.

"हुशार आहेस," तो पडद्याला हळूच म्हणाला. "पण मालकासमोर हुशारी दाखवू नकोस."

पाचव्या दिवशी सामने संपवून मीर वली परतला आणि त्याने अंक उघडला. नववं पान जागोजागी झिजलं होतं, उजेडाकडे धरलं तर चाळणी. टेबलाखाली काळा भुगा पडला होता. आपण काय विसरलो आणि म्हाताऱ्याने काय केलं, हे त्याच्या ध्यानात आलं.

"लाल, या पानाला काय झालं?"

"कागद वाईट निघाला."

मीर वलीने अंक मिटला. "कागदही वाईट आणि यंत्रही वाईट. इतकी वर्षं झाली, एक ठिपका देता येत नाही त्याला. विकूनच टाकतो."

लालने कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. त्याला फार अपराधी वाटलं.

"विकू नका," तो म्हणाला. "लहान आहे ते अजून. मी आहे तोवर सांभाळून घेईन त्याला."