चांदणीच्या कपाळावरचे भोवरे

अण्णा उठून गेले तेव्हा मी तिथे नव्हते, हे आधीच नोंदवून ठेवते. त्यांचा चेहरा कसा झाला, मामांनी आणलेला गूळ कुणी कुठे ठेवला, यातले काहीही मी डोळ्यांनी पाहिलेले नाही. त्या वेळी मी शेजारच्या बागेत, मेंदीचे झुडूप कातरून केलेल्या हत्तीसमोर उभी होते आणि मनाने अगदी प्रसन्न होते. चहा घेता घेता ऐका, म्हणजे मला तुमच्याकडे बघावे लागणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे सांगलीहून फलटणला, माझ्या नवऱ्याच्या मामांकडे गेलो होतो. मामा फौजेतून निवृत्त झाले आणि त्यांनी घोडे पाळले. शेजारी मामींनी शोभेची बाग केली. लोक तिकीट काढून बघायला येतात. आता मामांचे गुडघे थकले. बाकीचे घोडे गेले, राहिली एक चांदणी नावाची पांढरी घोडी. तिला वरातीत नाचवणारे तिघे-चौघे आले, मामांनी त्यांना फाटकातूनच परत पाठवले. अखेर इस्लामपूरकडचे एक शेतकरी, अण्णा, पसंत पडले. मोकळे रान, घरात घोड्यांची हौस. चांदणी सुखात राहील, एवढेच मामांना हवे होते.

त्या सकाळी सगळे ठरल्यात जमा होते. मामा तोंड गोड करायला गूळ आणायला आत गेले. अण्णा घोडीभोवती फिरले, मग माझ्याकडे वळले.

"बाई, तुमी कालेजात शिकवता म्हनं?"

"हो. संख्याशास्त्र."

"मंजे मोजायचंच काम की. माझा चष्मा ऱ्हायला घरी. जरा हिच्या कपाळावर भोवरं किती हायत बघून सांगता का? घोडी इकनाऱ्याला इचारायचं नसतं, तुमी पावण्या."

आता मला सांगा, विद्यापीठात शिकलेल्या बाईने काय म्हणावे? भोवरा म्हणजे केस जिथे गोल वळतात ती जागा. त्यावरून घोडीचे गुण ठरवणे मला मान्य नाही. पण प्रश्न गुणांचा नव्हता, संख्येचा होता. आणि संख्या विचारली की मला राहवत नाही.

मी घोडीच्या डोळ्यांच्या रेषेत उभी राहिले. नीट पाहिले, डावीकडून आणि उजवीकडूनही.

"दोन," मी म्हटले. "एक बरोबर मध्यावर. दुसरा त्याच्या वर तीन बोटांवर, किंचित उजवीकडे."

"नक्की?"

"मी अंदाजाने बोलत नाही."

अण्णांनी घोडीकडे पाहून मान डोलावली. मला वाटले, माझ्या काटेकोरपणाने भारावले. मी बाग बघायला गेले.

दहा मिनिटांनी माझा नवरा हत्तीपाशी आला. "अण्णा गेले."

"घोडी घेऊन?"

"घोडी सोडून. कपाळावर दोन भोवऱ्यांची घोडी अशुभ म्हणून ते दारात बांधत नाहीत. त्यांना कुणीतरी सांगितलं म्हणे."

ते कुणीतरी कोण, हे त्याला ठाऊक होते. नवरा म्हणून त्याने नाव घेतले नाही, इतकेच.

तबेल्यात मामा उकिडवे बसले होते. हातात गुळाचा खडा, आणि चांदणी तो शांतपणे चाटत होती.

"सूनबाई," ते म्हणाले, "सात वर्सं हिचं त्वांड मी पुसतुय. भोवरा एकच हाय."

इथे गप्प बसायला हवे होते, नाही का? मी म्हटले, "मामा, दोन आहेत."

"आवं, आता तरी एक म्हना की," मामी कळवळल्या.

मी अण्णांना फोन लावला. भोवऱ्यांचा आणि घरातल्या सुखदुःखाचा काहीही संबंध सिद्ध झालेला नाही, हे मी त्यांना पाच मिनिटे समजावून सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"बाई, तुमचा भोवऱ्यावर इस्वास न्हाई?"

"अजिबात नाही."

"म्हनून तर तुमास्नी इचारलं. इस्वास असता तर तुमी मामांसाठी खोटं बोलला असता."

चाळीस मिनिटांचे व्याख्यान मी न अडखळता देते. तेव्हा मात्र नुसते "बरं" म्हणून फोन ठेवला.

मामांनी चांदणीच्या कपाळावरून जाणारा पट्टा काढला, ओल्या फडक्याने कपाळ पुसले आणि मला पुढे ढकलले. "बघा आता."

मी पाहिले. खालचा भोवरा स्पष्ट होता. वरचा नेमका तिथे होता, जिथे पट्ट्याची कड घासत असे. केस तिथे झिजून आडवेतिडवे झाले होते. उजवीकडून भोवरा दिसे. डावीकडून नुसती घासल्याची खूण. सकाळी मी दोन्ही बाजूंनी पाहिले होते. पट्टा काढून मात्र पाहिले नव्हते. वर्गात हीच चूक केलेल्या मुलांना मी पुन्हा मोजायला लावते.

मामा फडके पिळून वाळत घालायला गेले. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते.

अण्णांना सगळे खरे ते कळवले. केस वाढेपर्यंत पट्टा घालायचा नाही, मग पुन्हा मोजायचे, असे ठरले. अण्णा यायला तयार आहेत, पण मोजायला त्याच बाई हव्यात म्हणतात. मामा म्हणतात, त्या बाई सोडून गावातले कुणीही चालेल.

काल मामींनी फोटो पाठवला. केस बरेच वाढले आहेत. मी तो मोठा करून, भिंग लावून पाहिला. एक की दोन, मला अजून सांगता येत नाही.