तापाच्या नऊ चिठ्ठ्या

आमच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये मावशी बावीस वर्षं स्वयंपाक करत होत्या. आवाज खणखणीत, आणि स्वभाव असा की वॉर्डनबाईसुद्धा त्यांच्याशी जपून बोलत. नियम असा होता, की आजारी मुलीने चिठ्ठी पाठवली की तिचं ताट खोलीवर जायचं.

दुसऱ्या वर्षी मी दोन विषयांत नापास झाले आणि मला ताप आला. साफ खोटा. नऊ दिवस रोज चिठ्ठी पाठवली. अंथरूण, मोबाईल आणि समोरची भिंत, बस. आंघोळही जिवावर यायची. दारामागे 'रोज अर्धा तास चाला, मन प्रसन्न ठेवा' असा विद्यापीठाचा कागद चिकटवला होता. मी त्यावर टॉवेल वाळत घालायचे.

दहाव्या दिवशी ताट आलंच नाही. मी तणतणत खाली गेले.

"चिठ्ठी मिळाली नाही का, मावशी?"

"मिळाली. बस, इथेच जेव. आणि उद्या सहाला माझ्याबरोबर बाजारात ये. पिशव्या धरायला कुणी नाही."

"मी आजारी आहे."

"म्हणून तर हलकी पिशवी तुला."

वॉर्डनबाईंकडे तक्रार केली असती, तर तापाचीच चौकशी झाली असती. झक मारत गेले.

बाजार वीस मिनिटांवर होता. पहिल्या दिवशी परतताना मला धाप लागली. मावशींनी उपदेशाचा एक शब्द काढला नाही. वाटभर भाजीवाल्याचा उद्धार केला. दोन आठवड्यांत रात्री झोप लागू लागली आणि पिशवीत गुपचूप बटाटे वाढत गेले. बरी झाले, असं म्हणणार नाही. सकाळी उठावंसं वाटतच नसे. पण खाली मावशी थांबलेल्या असत, आणि त्यांना ताटकळत ठेवायची माझी छाती नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "मावशी, मी नापास झालेय."

"काहीतरी आहे, एवढं कळलं होतं. ताप आलेल्या पोरी तासातासाला गरम पाणी मागतात. तू नऊ दिवसांत काहीच मागितलं नाहीस. घरी सांगितलंस?"

"नाही. आईला सहन होणार नाही."

"आणि तुला होतंय?"

मी तिथेच फोन लावला. आई "बोल गं" म्हणाली आणि मला भर रस्त्यात रडू फुटलं. मावशींनी माझी पिशवी काढून घेतली आणि माझं बोलणं संपेपर्यंत सगळं ओझं धरून शेजारी उभ्या राहिल्या.