चौथं ताट

अमेरिकेतल्या हॅमट्रॅमिकच्या आमच्या पोलिश गल्लीत गाडीच्या विम्याचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी बाई एकच, बोगुशा. सत्तावीस वर्षं तिनं गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवली, त्यामुळे शिवण कुठे उसवणार हे तिला आधी दिसतं. आमच्या मिशिगन राज्यात अपघातात चूक कोणाचीही असो, उपचार ज्याच्या त्याच्या विम्यातून होतात. तिच्या भावाला ट्रकनं उडवलं तेव्हा त्याच्या अमर्याद उपचारांच्या विम्यातून एकोणीस वर्षं नर्स घरी येत होती. तेव्हापासून बोगुशाचा पर्याय ठरलेला: अमर्याद.

मग कायदा बदलला. ज्यांना म्हातारपणाचा सरकारी आरोग्य विमा आहे, त्यांना गाडीच्या विम्यातला उपचारांचा भाग नाकारता येऊ लागला. तिचा नवरा झिग्मुंट हरखला: दोघांकडेही तो होता, आणि हप्ता बराच कमी होणार होता. अट एकच होती: घरात राहणाऱ्या प्रत्येक नातलगाला तसंच काही संरक्षण हवं. आणि त्यांच्या तळघरात ताडेक राहत होता. एकोणचाळीस वर्षांचा मुलगा, ना गाडी, ना कसला विमा. पहाटे सायकलवरून बेकरीत जायचा. त्याला कोणी उडवलं, तर उपचार आईबापांच्या विम्यातूनच व्हायचे.

"घरात राहणारे किती?" या फॉर्मवरच्या रकान्यात झिग्मुंटनं बिनदिक्कत 'दोन' लिहिलं.

"आणि तळघरात उंदीर राहतो का?" बोगुशानं विचारलं.

"अगं, तो तात्पुरता आहे."

"अकरा वर्षं झाली तात्पुरत्याला!"

झिग्मुंटनं ऐकलं नाही. सहीसाठी त्यानं एजंट लेशेकला नेमकं नाताळच्या आदल्या संध्याकाळी बोलावलं, नाताळच्या गर्दीमुळे ताडेक बेकरीतून उशिरा येईल या हिशेबानं. त्या दिवशी पहिली चांदणी दिसल्यावर आमच्याकडे सगळे जेवायला बसतात, आणि अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी एक जास्तीचं ताट मांडतात.

"तीनच ताटं मांड," झिग्मुंट कुजबुजला.

"आज मी ताटांशी खोटं बोलणार नाही," म्हणत बोगुशानं चार मांडली.

लेशेक आला, तर त्याला जेवल्याशिवाय कसं पाठवायचं? त्याला पाहुण्याच्या ताटावर बसवलं. त्यानं टेबलाकडे पाहिलं, मग फॉर्मकडे.

"काका, तुम्ही दोघं, पाहुणा मी. मग हे चौथं कोणाचं?"

"तेही पाहुण्याचं. आम्ही फार पाहुणचार करणारे."

तेवढ्यात जिना करकरला. बेकरी लवकर बंद झाली होती आणि बापाला न कळता तो कधीचाच खाली येऊन झोपला होता. तळघरातून ताडेक वर आला, पायात बापाच्या सपाता. फ्रिज उघडून त्यानं दुधाची बाटली तोंडाला लावली.

"आई, माझे लोकरी मोजे कुठायत?"

"पाहुण्याला घर चांगलंच माहितीये," लेशेक म्हणाला. "काका, हे खोटं निघालं तर कंपनी ऐन वेळी हात वर करेल. तेव्हा मला फोन करू नका."

"कसला पाहुणा?" ताडेकनं फॉर्म उचलला. वाचता वाचता त्याचं बोट 'दोन'वर थांबलं. "बाबा, मी इथं राहत नाही?"

"अकरा वर्षं सांगतोय, बाहेर पड!" झिग्मुंट चिडला. "निदान कागदावर तरी पडू दे ना!"

फॉर्म टेबलावर परत आला. ताडेक मोज्यांशिवायच जिन्याकडे वळला.

बोगुशानं त्याची बाही धरली. जेवणाआधी सगळे मिळून मोडतात ती पातळ पापडी तिनं टेबलावरून उचलून ॲप्रनच्या खिशात टाकली. "तीन लिहिल्याशिवाय ही मी मोडू देणार नाही. सूप गार झालं तरी चालेल."

झिग्मुंटनं सुपाच्या वाफेकडे पाहिलं. लेशेककडे पाहिलं. मुलाच्या पायातल्या स्वतःच्या सपातांकडे पाहिलं. मग 'दोन' खोडून 'तीन' केलं. अमर्यादपुढची खूण बोगुशानं स्वतः केली, पेन कागदातून आरपार जाईल इतकी दाबून.

पापडी बाहेर आली. रिवाजाप्रमाणे बापानं मुलापुढे तुकडा धरला. आता काहीतरी शुभेच्छा द्यायला हवी होती.

"हेल्मेट घालत जा," झिग्मुंट म्हणाला. "आणि आता इथंच राहतोस, तर उद्यापासून बर्फ तू काढायचा."

ताडेकनं तुकडा मोडला आणि चौथ्या ताटावर बसला.