नोरीनआजींचे ओठ

नास या आमच्या आयरिश गावातल्या मराठी मंडळींत नोरीनआजींबद्दल एक गोष्ट पक्की ठरलेली होती. तरुणपणी त्या लंडनला सिनेमाच्या हिरॉइन होत्या, मग बिचारीचा आवाज गेला आणि सगळं संपलं. हे सांगताना प्रत्येक काकू आपलाही आवाज जरा बसवून घ्यायची. देवदत्तकाकांनी तर आजारसुद्धा ठरवला होता. "घशाचं काहीतरी. त्या काळी कुठे उपाय होते!"

साफ खोटं. आजी आमच्या कुंपणापलीकडे राहतात, आणि मांजरावर ओरडल्या की आमच्या ओट्यावरचा कुकर शिट्टी द्यायचा थांबतो. वय चौऱ्याऐंशी, घसा ठणठणीत. त्यांचा आवाज गेला नव्हता, काढून घेतला होता. तोही जिवलग मैत्रिणीने.

हे मला कळलं कारण मी पकडले गेले. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना आईला मी आजींचं 'गुड मॉर्निंग' करून दाखवत होते. वाक्य जिना चढल्यासारखं वर, मध्येच एक श्वास, शेवटचा शब्द अर्धा गिळलेला. खिदळता खिदळता आईने मला एकदम कोपर मारलं. कुंपणापाशी आजी उभ्या.

"पुन्हा कर बघू," त्या म्हणाल्या.

केलं. आईने डोळे वटारले तरी केलं.

"श्वास बरोबर उचललास. पॅमनंही आधी श्वासच उचलला होता."

मग त्यांनी मला चहाला नेलं.

आजी नासच्या बेकरीवाल्याची मुलगी. विशीत लंडनला गेल्या. सुरुवातीला ट्रे घेऊन येणाऱ्या मोलकरणींची कामं, "येस सर" म्हणायचं आणि दार लावून जायचं. मग एका सिनेमात नायिका, कोळ्याची मुलगी. खोलीत बरोबर पॅम राहायची, तीही नटी, पण हातात काम नसलेली. रोज संध्याकाळी ती समोर बसून आजींकडून त्यांचे संवाद पाठ करून घ्यायची. "अजून एकदा म्हण ना, नोर. हळू म्हण." आजींना वाटायचं, काय जीव लावते ही!

त्या काळी शूटिंग झाल्यावर नटांना बोलावून संवाद पुन्हा रेकॉर्ड करत. आजींना कुणी बोलावलंच नाही. "तुमचं छान आलंय, गरज नाही," म्हणाले.

पहिल्या खेळाला त्यांची आई नासहून नवी हॅट घालून गेली होती. पडद्यावर नोरीनने तोंड उघडलं आणि आतून पॅम बोलली. उच्चार लंडनचे, गुळगुळीत. श्वास मात्र नोरीनचे, जिथल्या तिथे. आई अंधारात कानाशी आली. "किती छान बोलायला शिकलीस गं!"

"मी आईला कधीच सांगितलं नाही," आजी म्हणाल्या.

"आणि पॅमला काय म्हणालात?"

"तीच म्हणाली. 'कुणीतरी करणारच होतं, नोर. मी निदान तुला ओळखते.'"

नंतर बोलायचं काम त्यांना मिळालं नाही. त्या परत आल्या आणि बेकरीच्या काउंटरमागे उभ्या राहिल्या. तो सिनेमा पुन्हा पाहिला नाही.

देवदत्तकाका आठवडाभर सँडीफोर्डच्या ऑफिसात कोड लिहितात आणि रविवारी दुपारी गावच्या हॉलमध्ये जुने सिनेमे दाखवतात. त्यांनी नेमका तोच शोधून काढला आणि मला बरोबर घेऊन आजींना पाहुण्या म्हणून बोलवायला गेले. आजींनी आधी दार लावलं. मग उघडलं.

"येईन. पण शेवटच्या सीनला आवाज बंद करायचा. तिथे मी बोलणार."

मी फिस्सकन हसले. "इतक्या वर्षांनी? ओठांशी जुळणारच नाही!"

"पैज?"

"लावली! नाही जुळलं तर गणपतीच्या कार्यक्रमात मी तुमची नक्कल करणार. स्टेजवर, तुमच्या स्कार्फसकट."

"आणि जुळलं, तर माझा आवाज तू कधीही काढायचा नाहीस. तुझ्यासारखेच कान होते पॅमचे, रेवा."

हॉलमध्ये आजी मांडीवर पर्स घेऊन ताठ बसल्या. पॅम बोलली की अंगठ्याने पर्सची कडी उघडायच्या, खट्. शेवटचा सीन आला. धक्क्यावर मुलगी उभी, बापाची होडी आलेली नाही. काकांनी आवाज बंद केला.

आजी उठल्यासुद्धा नाहीत. बसल्या जागेवरून बोलल्या, नासच्या उच्चारांत. मी पडद्यावरच्या ओठांकडेच बघत होते. सिनेमाभर ते आवाजाच्या किंचित पुढेमागे होत होते, मला वाटलं जुनी फिल्म असेल. आता मात्र चपखल बसले. आजींनी जिथे शब्द गिळला, तिथेच ते मिटले. ती पोरगी पहिल्यापासून नासचंच बोलत होती.

टाळ्या पडल्या. मग एक बाई येऊन आजींचा हात धरून म्हणाल्या, "ग्रँड, नोरीन, ग्रँड! पण आधीचा आवाज जास्त गोड होता, नाही?"

"हो. सगळे तेच म्हणाले होते," आजी म्हणाल्या, आणि कोटाची बटणं लावू लागल्या.

गणपतीत मी देवदत्तकाकांची नक्कल केली. बरी झाली. आजींचं 'गुड मॉर्निंग' अजून माझ्या घशात तयार असतं. रोज सकाळी त्या कुंपणावरून तेच म्हणतात आणि मुद्दाम थांबून माझ्याकडे बघतात. मी माझ्या आवाजात उत्तर देते. हरलेय ना.