उन्हातला तंगूस

‘आधी तोडून दाव, मंग बोल.’

दुकानाच्या पायरीवर उभं राहून मामा एवढंच म्हणायचे आणि तंगुसाचं एक टोक माझ्या हातात द्यायचे. रामराम नाही, ‘बरं हाय का’ नाही. तंगूस म्हणजे गळ बांधायचा नायलॉनचा एकेरी दोरा. त्याचं दुसरं टोक त्यांनी उपरण्यावरून तळहाताला गुंडाळलेलं असायचं. मी इकडून ओढायची, ते तिकडून. भर बाजारात ही बाई आणि हा म्हातारा कसली रस्सीखेच खेळतात, म्हणून माणसं थांबून बघायची.

असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. दुधात बोट घालून बघणारं, एसटीत बसल्यावर पाटी वाचायला पुन्हा खाली उतरणारं. आपण त्याला हसतो. मीही हसायचे, पण ते पाठ फिरवल्यावर. समोर असताना माझं पित्तच खवळायचं.

केजच्या बाजारात आमचं दुकान आहे. जाळी, गळ, तंगूस, सुतळी, काथ्या, दोरखंड. आम्ही भोई. अण्णा, म्हणजे माझे वडील, गल्ल्यावर होते तोवर गिऱ्हाईक माल बघायचंसुद्धा नाही. ‘अण्णानं दिलाय ना’ म्हणायचं आणि पिशवीत टाकायचं. अण्णा गेले आणि मी बसले. माल तोच, फळ्या त्याच, पण आता लोक दोरा नखानं खरवडायला लागले. ‘घरात गडीमाणूस न्हाई का कुणी?’ असंही विचारून झालं. मला फार काही नको होतं. अण्णांच्या हातचा माल जसा डोळे झाकून उचलायचे, तसा माझ्या हातचा कुणीतरी उचलावा, एवढंच. आणि माझ्या नशिबी आले कोण, तर मामा. नात्यातले नव्हेत, सगळा बाजार त्यांना मामाच म्हणायचा.

पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, वजनमापवाले आले. पांढरी टोपी, खांद्याला खाकी पिशवी, नजर सगळी मालावर. पाकिटावर ‘बारा किलो’ लिहिलेला तंगूस त्यांनी मागितला, पिशवीतून ताणकाटा काढला, दोरा त्याच्या आकड्याला बांधला आणि ओढायला लागले. मी घाईघाईनं चहा सांगितला. काटा सातावर गेला आणि दोरा तुटला.

‘हे बारा?’

‘कंपनीनं लिहिलंय. मी नाही लिहिलं.’

‘मंग तू काय इकतीस? दोरा का कागूद?’

तेवढ्यात चहा आला. त्यांनी कपाकडं बघितलं, मग माझ्याकडं. ‘चहा कावून पाजतीस? माल खोटा हाय म्हणून?’ आणि न पिताच गेले. नंतर कळलं, ते कुठले साहेब नव्हते. नांदूरघाटचे होते, आणि मासे धरायला निघाले होते.

आठवडाभर माझी खात्री होती की वरच्या आळीतल्या दुकानदारानंच त्यांना माझ्याकडं पाठवलंय, मला बदनाम करायला. मी एका पोऱ्याकडून चौकशीही केली. तर तो दुकानदार म्हणाला, ‘अरे, मला वाटलं तो म्हातारा तिनंच माझ्याकडं पाठवला!’

मामांनी तीस वर्षं यारी चालवली होती. विहीर खोदताना खालचा दगड-मुरूम वर काढायला काठावर जे यंत्र बसवतात, ती यारी. तिच्याच डब्यात बसून माणसं खाली उतरतात, तारेच्या एका दोरावर. धारूरच्या डोंगरपट्ट्यात मामांनी कितीतरी विहिरी पाण्याला लावल्या. रोज सकाळी सगळा दोर उलगडायचा आणि सुती फडक्यात धरून हातातून काढायचा. एखादी तार तुटलेली असली की फडकं अडकतं. तेवढं होईस्तोवर डब्यात पाय टाकायचा नाही, मग विहिरीचा मालक कितीही शिव्या घालू दे. त्यांच्या यारीवर माणूस कधी गेला नाही असं लोक सांगतात. मामांना विचारलं तर म्हणायचे, ‘आजून गेला न्हाई.’ यारी विकून चार वर्षं झाली होती तरी हेच.

पुतण्याच्या मोबाइलवर बघून बघून त्यांना स्पिनिंग रीलचा नाद लागला. लांब छडी, तिला फिरकी, आणि फिरकीवर कुठला दोरा भरायचा यात मामांची दोन वर्षं गेली. माझीही. मांजरा धरणाच्या खाली नदीला खडक फार, आणि मामांना पाहिजे मरळ. मी म्हणाले, विणलेला दोरा घ्या, बारीक असून ताकद लई. आठ दिवसांनी त्याची कापसासारखी पिंजलेली टोकं माझ्या काउंटरवर. ‘खडकाला घासला की गेला. तू कदी नदीवर गेलतीस का?’ मग जाड तंगूस दिला. तो फिरकीवर बसेचना, फेकला की वेटोळी उसळायची. बारीक दिला, तर मरळीनं मुळ्यांत शिरून तोडला. प्रत्येक वेळी मी मुद्दाम वाईट माल दिला असं त्यांना वाटायचं, आणि ते मुद्दाम खोड काढतात असं मला.

शेवटी एक जमला. मध्यम जाडीचा, मऊ, चहाच्या रंगाचा, गढूळ पाण्यात न दिसणारा. तोही मामा नुसता घेत नसत. ओठांमधून दोन हात ओढून बघायचे, कुठं खरखर लागते का. गाठ थुंकी लावून आवळायला त्यांनीच मला शिकवलं, कोरडी आवळली की दोरा भाजतो म्हणे. फिरकी काठोकाठ भरायची नाही, नखाएवढी जागा सोडायची, हेही त्यांचंच. आम्ही जाळ्यातली माणसं, आम्हाला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं.

आणि एक गोष्ट ते येतील तेव्हा सांगायचे. ‘त्या दारातल्या रिळी काढ. ऊन दोऱ्याला आतून खातं. वरून कळत न्हाई.’ मी हो हो म्हणायची आणि तशाच टांगून ठेवायची. माल दिसला नाही तर गिऱ्हाईक पायरी चढेल कशाला?

मग ती एप्रिलमधली दुपार. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. बाहेर धरणाकडं जाणारी धनेगावची जीप हॉर्न देत होती आणि मामा लगबगीनं आत आले. फिरकी काउंटरवर ठेवली. ‘भर बरं. जीप जाईल.’

चहाच्या रंगाचा दोरा आत संपला होता. एकच रीळ उरली होती, दारात टांगलेली. होळीच्या आधीपासून उन्हात. मी ती काढली. वाटलं, आता ताणकाटा निघेल आणि मग बघू. पण मामांनी पिशवीला हातही लावला नाही. मी भरत गेले, ते जीपकडं बघत राहिले. ओढणं नाही, ओठ लावणं नाही. फिरकी उचलली आणि गेले.

एक गिऱ्हाईक दुसऱ्याला म्हणालं, ‘मामानं बघितलं न्हाई बे. म्हंजी माल चोख हाय.’ आणि दोघांनी गळाची पाकिटं न बघता घेतली.

दोन वर्षं जे पाहिजे होतं ते असं मिळालं. तोंड उघडलं असतं तर ते तिथंच मोडलं असतं, म्हणून मी गप्प बसले. खरं तेच सांगते. पुढं तासभर मी स्वतःवर खूश होते. मग जेवायला डबा उघडला आणि तसाच झाकून ठेवला. म्हातारा माणूस, एवढ्या उन्हात गेलेला, माझ्यावर भरवसा ठेवून. शेजारच्या भांडीवाल्याला दुकानाकडं बघायला सांगितलं आणि पुढची जीप धरली.

मामा नदीकाठी बाभळीखाली बसले होते. छडी बाजूला पडली होती आणि मांडीवर दोऱ्याचा गुंता.

‘मासा गेला का?’ मी विचारलं.

‘पान्यात टाकलाच न्हाई. बाभळीला बांधून वढला. पयल्या हिसक्याला गेला.’

म्हणजे त्यांनी भरवसा ठेवलाच नव्हता. घाई होती, बास. मला हसू यावं की रडू, कळेना.

‘दारातला होता,’ मी म्हणाले. ‘मला माहीत होतं.’

त्यांनी माझ्याकडं बघितलं. माणसाकडं बघतात तसं नाही, पहिल्या दिवशी त्या ‘बारा किलो’च्या पाकिटाकडं बघितलं होतं तसं. ‘हे सांगायला एवढ्या लांब आलीस?’

‘हो.’

‘मासाच गेला असता. मी थोडाच मेलो असतो.’

त्यांनी गुंता सोडवायला घेतला. मग म्हणाले, ‘तीस वर्षं यारी चालवली. दोर दुकानातूनच आनायचो की. पन दोरात खोट हाय असं सांगाया एकबी दुकानदार कदी विहिरीवर आला न्हाई.’

त्या संध्याकाळी मी दारातल्या सगळ्या रिळी काढल्या आणि कचऱ्यात टाकल्या. पुढच्या आठवड्यात मामा आले ते ताणकाटा घेऊनच. काही बदललं नव्हतं. उलट आता गाठसुद्धा पुन्हा सोडून बांधायला लावायचे. फरक एवढाच, की नांदूरघाटकडचे लोक माझ्याकडं यायला लागले. कुणी पाठवलं विचारलं की म्हणायचे, ‘असंच आलतो.’

यंदा दिवाळीनंतर मामा आले नाहीत. एका सकाळी शटर वर करते तोच एक तरुण मोटरसायकलवरून उतरला. मामांचा पुतण्या. डोळे सुजलेले. तिरडी बांधायला सुतळी पाहिजे म्हणाला. मामा पहाटे गेले होते.

मी नको ते विचारलं, ‘नांदूरघाटात नाही का मिळत सुतळी?’

‘तीन दुकानं हायत. पन काका सांगून गेलेत, केजच्या बाईकडूनच आना. कावून, ते न्हाई सांगितलं.’

मी सुतळीचा नवा बिंडा फोडला. तो घ्यायला पुढं आला, तर माझ्याच्यानं देववेना.

‘थांब, मी पण येते,’ म्हणाले. शटर ओढलं, त्याच्या मागं बसले आणि नांदूरघाट येईपर्यंत तो बिंडा पोटाशी धरून ठेवला.