घाणेरीचा आडोसा

कारखान्याजवळच्या वाडीतली आणखी एक बाई ताप आणि लघवीची जळजळ घेऊन डिस्पेन्सरीत आली, तेव्हा माझं डोकंच उठलं. आठवडाभर हेच चाललं होतं.

सत्तरच्या दशकात मी रसायनीतल्या एका कारखान्यात नर्स होते. पाणी कमी प्यायलं, लघवी तुंबवून ठेवली की आत जंतू वाढतात. त्याला आम्ही युरिन इन्फेक्शन म्हणतो. गोळ्या देऊन बायकांना घरी पाठवत होते आणि त्या परत येत होत्या. मला चैन पडेना.

त्या दिवशी आलेली सुनंदा म्हणजे डिस्पेन्सरीतल्या आमच्या आयाची, कमलबाईची सून. सातवा महिना. इन्फेक्शन किडनीपर्यंत चढलं तर दिवस भरायच्या आत बाळंत व्हायची भीती. मी घाबरले होते.

"पाणी पितेस का गं?" मी खेकसलेच.

ती सासूकडे बघायला लागली. कमलबाईनं दार लोटलं.

"पानी कशाला पील, सिस्टर? प्याली तर जावं लागंल. रविवारी सायबांनी घाणेरी तोडली. आता बसायला आडोसाच नाय. काळोख पडंपर्यंत दाबून ठेवतो आमी."

मी कपाळाला हात लावला. घाणेरी म्हणजे ती उग्र वासाची काटेरी झुडपं. ऑफिसर्स क्लबच्या मंडळींनी श्रमदान करून नदीकडच्या पायवाटेलगतची जाळी कोयत्यानं साफ केली होती. मी स्वतः टाळ्या वाजवल्या होत्या. उरलेली येत्या रविवारी काढायची होती.

तशीच क्लबच्या सेक्रेटरींकडे गेले. तेच आमचे पर्सोनेल ऑफिसर. उरलेली घाणेरी राहू द्या, म्हटलं.

"सिस्टर, ती परदेशी वनस्पती आहे. तिच्याखाली इथलं काही उगवत नाही."

"साहेब, तिच्यामागे वाडीतल्या बाया बसतात."

त्यांना कळेना.

"टमरेल घेऊन," मी म्हणाले.

साहेब कानापर्यंत लाल झाले. फाईल उघडली, मिटली.

"मग त्या बोलल्या का नाहीत?"

"कोणाजवळ? तुमच्याजवळ?" माझा आवाज चढला होता. "सुनंदाला काही झालं तर कोण निस्तरणार?"

त्याच संध्याकाळी क्लबची मंडळी बांबू आणि गोणपाटं घेऊन वाडीत गेली. जागा कमलबाईनं दाखवली. चर खणले, आडोसे उभे राहिले. सुनंदा पाणी प्यायला लागली, ताप उतरला. दिवस भरून मुलगी झाली. पक्के संडास मिळवायला मात्र मला बरंच भांडावं लागलं.

श्रमदान पुढेही चालू राहिलं. फक्त जाळीला कोयता लावण्याआधी वाडीतल्या बायकांना विचारायचं, असं ठरलं. सेक्रेटरीसाहेब विचारायला जायचे. कमलबाई समोर आली की "काय, बरंय ना?" एवढंच म्हणून परत फिरायचे. मी नोकरी सोडली तेव्हाही अर्धी घाणेरी तिथंच होती.